घराचं मत

मंगळवार, २२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी अर्लनचं ब्लडप्रेशर रोज संध्याकाळी लिहून ठेवायला सांगितलंय. आज १५४ वर ९६. आकड्याखाली अख्खं पान कोरं राहतं आणि मला कोरा कागद बघवत नाही, म्हणून लिहितेय. वाचायचा अधिकार कुणालाही नाही. अर्लन, तुलाही नाही.

पाच नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी लवकर मतदानाचा आज पहिला दिवस. आमचं केंद्र वाचनालयाच्या तळघरात. दार उघडायच्या आधीच रांग पार्किंग ओलांडून टायरच्या दुकानापर्यंत गेलेली. पाकू म्हणाली, "डोरीन, आपण फुकट काही वाटतोय का?" पाकू व्हांग आमची केंद्रप्रमुख. माझ्या मुलीच्या वयाची आहे, कधी आवाज चढवत नाही, पण तिने नुसतं बघितलं की माणसं सरळ उभी राहतात. दोन्ही पक्षांचे निरीक्षक हॉलच्या दोन टोकांना बसलेत, लग्नात न बोलणाऱ्या व्याह्यांसारखे. टीव्हीवाल्या पोराने पाकूला विचारलं, "ही गर्दी नक्की कुणाची?" ती म्हणाली, "मतदारांची." गेल्या खेपेला आमच्या कौंटीचा निकाल इतक्या थोड्या मतांनी लागला होता की तेवढी माणसं आमच्या चर्चच्या बाकांवर मावली असती. त्यामुळे आता रांगेतल्या प्रत्येकाकडे दोन्ही निरीक्षक खाटकासारखे बघतात.

एक जाडजूड गृहस्थ छातीवर उमेदवाराचं नाव मिरवत आले. केंद्रात प्रचार चालत नाही असं सांगितलं, तर त्यांनी तिथेच शर्ट काढला, उलटा केला आणि घातला. पोट सगळ्या कौंटीने पाहिलं.

दुपारी अर्लन आला. मी बजावलं होतं की फोन कर, आम्ही मतपत्रिका गाडीशी आणून देतो. तर म्हणे, "मी गाडीत बसून फक्त हॅम्बर्गर घेतो." काठी टेकत आला आणि नेमका माझ्याच टेबलाशी. एरवी त्याचं मत म्हणजे पार्सलची सही. आज आडोशामागे इतका वेळ की मला वाटलं चक्कर आली की काय. मग पाकीट चिकटवून आणलं, त्याने सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली. आमच्याकडे तसंच असतं. मत पाकिटात, पाकिटावर नाव, आणि पाकिटं मतदानाच्या दिवसापर्यंत कुलपात. लोकांना वाटतं दिलं की मोजलं गेलं. कसलं काय!

जाताना मोठ्याने म्हणाला, "झालं, डोरी. हिशेब लागला. आता तू रांगेत उभी राहिली नाहीस तरी चालतंय."

"चल हट," मी म्हटलं. मला ठाऊक आहेत याच्या युक्त्या.

आमच्या घरात त्याचा पक्ष एक, माझा दुसरा. लग्न झाल्यापासून. एकाच गाडीतून जायचं, एकमेकांचं मत खोडायचं आणि येताना तळलेले मासे खायचे. एकाला जमलं नाही तर दुसऱ्यानेही द्यायचं नाही, हा घरचा नियम. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हा दवाखान्यात निकाल बघत चरफडत बसला होता, पण मत द्यायला गेला नाही.

परवा मासे खाताना म्हणाला, "इतकी वर्षं पेट्रोल जाळून आपण शून्य करून येतो. एकदा तरी या घराचं मत मोजलं जावं असं वाटतं."

मी म्हटलं, "मग तू वाक की."

"हं," म्हणाला आणि माझ्या ताटातलं लोणचं उचललं.

मी शेवटच्या दिवशी, काम आटोपल्यावर मत देते. यंदाही तेव्हाच देणार. बघू काय करतो ते.

बुधवार, २३ ऑक्टोबर

१३८ वर ८८. गोळ्या लागू पडलेल्या दिसतात.

आजही रांग टायरच्या दुकानापर्यंत. नेल्स हॉगेन आला होता. अर्लन आणि तो रोज सकाळी पेट्रोलपंपावरच्या कॉफीला बसतात, एकाच पक्षाचे, एकच गोष्ट एकमेकांना रोज सांगतात. आज माझ्या टेबलाशी तोंड पाडून उभा.

"डोरीन, तुझ्या नवऱ्याला जरा समजाव. या वयात काय डोक्यात घेतलंय त्याने?"

मला वाटलं शिडीचं. छपराची पन्हळ साफ करायला अजून स्वतः चढतो मेला. म्हटलं, "मी रोज ओरडते, ऐकतो कुठे!"

"म्हणजे तूही सांगितलंस नको म्हणून?" नेल्सचे डोळे मोठे झाले.

"मग काय करणार? बाहेर येऊन टाळ्या वाजवणार?"

मत देऊन गेला. पाकिटावरची सही रागात केलेली.

घरी आले तर अंगणातली अर्लनच्या पक्षाच्या प्रचाराची पाटी गायब. माझी जागेवर. वाटेच्या डावीकडे त्याची, उजवीकडे माझी, अशा दरवेळी असतात, आणि त्याचा खांदा दुखतो म्हणून त्याची पाटीही मीच ठोकते. माझं डोकंच फिरलं. माझ्या पक्षाच्या कुणी उचलली असेल तर मला शरमेने तोंड दाखवायला जागा नाही. पोलिसांना फोन करते म्हटलं, तर अर्लन म्हणतो, "जाऊ दे गं. वाऱ्याने गेली असेल." पाखरांचं खाणं ठेवायचं भांडं हरवलं तेव्हा याच माणसाने पोलीस बोलावले होते! आणि वारा कुठे होता आज?

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

१३४ वर ८५. स्वारी खुशीत आहे.

मासे खाल्ले. नेल्स त्याच हॉटेलात होता, पण आमच्या टेबलावर आला नाही. अर्लन म्हणाला, "येईल. त्याचा राग कोबीच्या कोशिंबिरीइतका टिकतो." कशाचा राग विचारलं तर हसला.

मग म्हणाला, "डोरी, मोजणी होऊ दे. पाच तारखेनंतर तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांग."

"नाही. मला तुझं तोंड बघायचंय तेव्हा."

बर्फ काढायचं यंत्र घेतलं असणार. नको म्हणून दहादा सांगितलंय. नव्या यंत्राबरोबर नवा खांदा मिळत नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

काल सकाळी अर्लन गेला.

कॉफीच्या यंत्रापाशी पडला होता. कागदी गाळणी हातात होती. रुग्णवाहिका लवकर आली. त्या मुलांनी खूप प्रयत्न केले. एकाचे बूट चिखलाचे होते, त्याने फरशी पुसून देऊ का विचारलं. मी नको म्हटलं.

फरशी पुसली.

आकडा नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आमची लेक कर्स्टन डेन्व्हरहून आली. ती रडते आणि मी तिला टिश्यू देते. मला रडू येत नाही. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो तसं सगळं अंग झालंय. आहे, पण आपलं नाही.

अंत्यविधीवाले गृहस्थ आले. पेटीचं लाकूड, गाणी, दफनानंतरचं जेवण, सगळं विचारलं. निधनाची बातमी पेपरात कधी देऊ म्हणाले. मी म्हटलं, उद्या.

कर्स्टन म्हणाली, "आई, बातमी पुढच्या बुधवारी देऊ."

"का?"

"बाबांचं मत. मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेल्याचं कळलं तर पाकीट बाजूला काढतात ना तुम्ही? तूच सांगितलं होतंस. एक आठवडा थांबलो तर काय आभाळ कोसळणार आहे?"

कर्स्टन माझ्या पक्षाची आहे. बापाशी फोनवर भांडून फोन आपटायची. आणि आता त्याचं मत वाचवायला निघाली. मी म्हटलं, बघू.

बुधवार, ३० ऑक्टोबर

कामावर गेले. पाकूने दारातच अडवलं. "डोरीन, तुम्ही घरी जा."

"घरी काय करू?"

तिने खुर्ची ओढून दिली.

हात चालतात. ओळखपत्र बघायचं, नाव शोधायचं, मतपत्रिका द्यायची, साक्षीदार म्हणून सही करायची. माणसं येतच राहतात. कालपर्यंतच्या गर्दीने म्हणे आमच्या कौंटीचा आजवरचा उच्चांक मोडला. दोन्ही निरीक्षक खूश. दोघांनाही वाटतंय की ही आपलीच माणसं. एक बाई पहिल्यांदाच मत देत होती, नागरिकत्व नुकतंच मिळालेलं, तिने पाकिटाचा फोटो काढला आणि मला मिठी मारली. मी तिची पाठ थोपटली. तेवढ्यात पुढचा माणूस आला.

जेवायच्या सुट्टीत पाकूला विचारलं, "अर्लनचं पाकीट आत आहे."

तिने डबा बंद केला. "मला माहीत आहे."

"मग?"

"कुणी गेल्याचा कागद माझ्याकडे आला की मी पाकीट काढते. माझ्याकडे कागद आलेला नाही." मग हळूच म्हणाली, "डोरीन, मी कागद शोधायला जाणार नाही. पण तुम्ही आणून दिलात तर मला तो घ्यावा लागेल."

बातमी आज पेपरात आली नाही. मी फोन केलाच नव्हता.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

अंत्यविधी. पाद्री चांगलं बोलले, अर्लनच्या विनोदांबद्दल, त्यातले चर्चमध्ये सांगण्यासारखे दोन. खालच्या हॉलमध्ये हॅमचे पाव, चार प्रकारची बटाट्याची कॅसरोल, हिरवी जेली. पाकूने तळलेले रोल परातभर आणले. ते सगळ्यात आधी संपले. अर्लनला ते आवडायचे. त्याला म्हणावं घे, म्हणून मी मागे वळलेसुद्धा.

नेल्स शेवटच्या बाकावर एकटा. पेटी उचलायला त्याचं नाव होतं पण उठला नाही. इतक्या वर्षांची कॉफी आणि एवढंही होऊ नये? मला राग आला. रविवारपासून पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"खांदा का दिला नाहीस?"

"माझा हक्क राहिला नाही. मी त्याच्याशी भांडलो. वाटेल ते बोललो. त्यानंतर बोलणं नाही."

"कशावरून भांडलात?"

"राजकारण. दुसरं काय?"

"अरे, तुम्ही दोघं एकाच पक्षाचे! तुम्हाला भांडायला होतं काय?"

नेल्सने माझ्याकडे बघितलं. "तुला त्याने काही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काही नाही. चांगला माणूस होता. माझ्यापेक्षा चांगला." आणि उठून गेला. टोपी बाकावर राहिली. कर्स्टनने ती गाडीत ठेवलीय.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दिला कागद.

कर्स्टनला आधी सांगितलं. म्हणाली, "आई, का? कुणाला कळणार होतं?"

मी म्हटलं, "तुझा बाप दर निवडणुकीला या टेबलावर बसून काय ओरडायचा? मेलेली माणसं मतं देतात, मेलेली माणसं मतं देतात! मी म्हणायचे, अरे बाबा, मी तिथे काम करते, नाही देत. उद्या मोजणीत अटीतटी झाली, कुणीतरी यादी काढली आणि त्यात अर्लन क्नुट्सन निघाला, तर? टीव्हीवर त्याचं नाव, आणि त्याची बायको त्याच केंद्रावर. त्याचं हसं झालेलं मला चालणार नाही."

कर्स्टन आधी हसली, मग पुन्हा रडली. मला दोन्ही जमलं नाही.

पाकूने मृत्यूचा दाखला दोनदा वाचला. पाकिटांची पेटी दोन्ही निरीक्षकांसमोर उघडावी लागते. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, मी काढते." मी थांबले नाही. पाकीट मीच शोधलं. त्याची सही, खाली माझी. पाकूने त्यावर शिक्का मारला, मतदार मृत, नाकारले. आता ते नाकारलेल्या पाकिटांबरोबर ठेवतात आणि पुढे कधीतरी न उघडताच नष्ट करतात. आत काय आहे ते कुणी बघत नाही. बघायची गरजही नाही. इतक्या वर्षांत त्याने कधी दुसरं काही केलंय?

त्याच्या पक्षाचा निरीक्षक, डेल, याने टोपी काढली. म्हणाला, "बाई, आमचं एक मत गेलं, पण तुम्ही केलंत ते सोपं नव्हतं." मी मान हलवली आणि टेबलाशी जाऊन बसले. रांगेत माणसं खोळंबली होती.

त्याचं मत मी माझ्या हाताने काढलं. दिवसभर हात धुतेय.

शनिवार, २ नोव्हेंबर

कर्स्टनला विमानतळावर सोडलं. येऊन गॅरेज आवरायला घेतलं. बर्फाचं यंत्र कुठेच नाही. घेतलंच नव्हतं त्याने. मग काय सांगणार होता?

गवत कापायच्या यंत्रामागे आंघोळीच्या जुन्या टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेलं काहीतरी होतं. उघडलं तर त्याची पाटी. चोरीला जाऊ नये म्हणून स्वतःच लपवली असणार आणि बायको पोलिसांना बोलावतेय म्हटल्यावर लाजेने बोलला नसणार. त्याच्यासारखंच. मी उगीच आमच्या माणसांवर संशय घेतला.

पाटी पुसली आणि पुन्हा त्याच्या जागी, वाटेच्या डावीकडे, ठोकली. जमीन गोठायला लागलीय, तीनदा हातोडा निसटला. शेजारची पोरं बघत होती. त्यांना वाटलं असेल म्हातारी फिरली.

रविवार, ३ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. सकाळपासून असं वाटत होतं की अख्खं शहर आजच जागं झालंय. टायरच्या दुकानाच्याही पुढे रांग, चर्चमधून थेट आलेली माणसं, झग्यातल्या बायका, एक नवरा-बायको रांगेत कुजबुजत भांडत होते. ती म्हणाली, "तू माझं मत खोडायलाच आलायस." तो म्हणाला, "मग? घरी बसून काय करू?" मी त्यांना दोन मतपत्रिका दिल्या. माझा आवाज नीट होता.

आज तो जाऊन आठवडा झाला. कॉफी अजून मी यंत्रात करत नाही. पाण्यात पूड ढवळते आणि पिते.

दार बंद व्हायची वेळ आली तेव्हा पाकू म्हणाली, "डोरीन, तुम्ही स्वतः दिलं नाहीत अजून."

घरच्या नियमाने मी द्यायला नको. एकाचं नाही तर दुसऱ्याचंही नाही. दिवसभर तेच मनाशी धरून बसले होते. पण नियम आजारपणासाठी होता, दवाखान्यासाठी होता. एकाने दुसऱ्याचं मत पेटीतून काढून नेण्यासाठी नव्हता. त्याने दिलं होतं. काठी टेकत येऊन दिलं होतं. मी ते काढलं. आणि त्याला तर एकदा तरी घराचं मत मोजलं जायला हवं होतं.

मी मतपत्रिका घेतली आणि आडोशामागे गेले. मलाही वेळ लागला. आयुष्यात मी त्या बाजूचा गोल कधी भरला नव्हता. कुठून सुरुवात करायची तेही हाताला कळेना. वरपासून खालपर्यंत त्याच्या पक्षाचे सगळे भरले, ज्या उमेदवाराला तो स्वतः नाकं मुरडायचा त्याचासुद्धा. पाकीट चिकटवलं. साक्षीदार म्हणून पाकूने सही केली.

"घे, जिंकलास," मी मनात म्हटलं. काही वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. पाय मात्र दुखत होते.

घरी आले. अंगणात दोन्ही पाट्या उभ्या. आता हे बरोबर नाही असं वाटलं, म्हणून माझी उपटली. गॅरेजमध्ये टॉवेल तसाच पडला होता. त्यात गुंडाळून गवताच्या यंत्रामागे ठेवून दिली. कुणी विचारलं तर सांगेन, वाऱ्याने गेली.

नेल्सची टोपी अजून गाडीत आहे. उद्या पंपावर जाऊन देईन, आणि त्याला सांगेन की अर्लनचं मत वाया गेलेलं नाही, मी त्याच्यासाठी देऊन आलेय. तेवढंच त्याच्या मनाला बरं वाटेल.

पाच तारीख परवावर आली. तो काय सांगणार होता, ते मात्र राहूनच गेलं.